वाडीवरच्या म्हाताऱ्याचा जबाब ऐकीव नसतो

वनहक्काचा विषय निघाला की रायगडातल्या पेण-रोह्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं: "म्हाताऱ्याकोताऱ्यांचं तोंडी सांगणं म्हणजे ऐकीव, आणि ऐकीव म्हणजे पुरावा नव्हे." कचेरीतला कारकून ते म्हणतो, जंगल खात्यातला माणूस म्हणतो, आणि काळा कोट घालणारेही मान डोलावतात. वाक्याला कायद्याचा वास आहे, त्यामुळे समोरच्याचं तोंड बंद होतं. कातकरी किंवा ठाकूर वाडीवरून दाव्याची चौकशी करायला आलेला माणूस ते ऐकतो आणि मिळेल त्या एसटीने परत जातो. मागे फाइलवर शेरा पडतो, पुरावा अपुरा.

या वाक्याशी मला भांडायचं आहे, आणि कायद्याच्याच भाषेत. कातकऱ्यांची कणव ज्यांना येते त्यांनी ती जरूर बाळगावी, पण या भांडणात तिची गरज पडत नाही. ज्या नियमाचा धाक घातला जातो तो नीट वाचला तर म्हाताऱ्याच्याच बाजूने उभा राहतो, आणि पंचाईत होते ती त्याला खोडून काढणाऱ्या कागदाची.

आधी नियम. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने रचलेला पुराव्याचा कायदा १ सप्टेंबर १८७२ ला लागू झाला आणि दीडशे वर्षं टिकला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण या बाबतीत बदलला तो कलमाचा आकडा: जुनं ६०, नवं ५५. कलम एवढंच सांगतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ज्याने पाहिली त्याने सांगावी, ऐकण्याजोगी असेल तर ज्याने ऐकली त्याने. यामागची कारणं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कल्याणकुमार गोगोई यांच्या निवडणूक खटल्यात पुन्हा मांडली. दुसऱ्याच्या नावावर बोलणाऱ्याला जबाबदारी वाटत नाही, तोंडातोंडी जाताना सत्य पातळ होत जातं, आणि लबाडीला वाट मोकळी होते. शिवाय मूळ बोलणारा शपथेवर नसतो, त्याची उलटतपासणी होत नाही, प्रश्न विचारल्यावर त्याचा चेहरा कसा पडतो हे न्यायाधीशाला दिसत नाही. मला हा नियम मनापासून मान्य आहे. तो नसता तर पेणच्या बाजारात उठलेली आवई रोह्याच्या कोर्टात साक्षीदार होऊन उभी राहिली असती.

आता वाडीवर जाऊ. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराला सिद्ध काय करायचं असतं? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन त्याच्या कब्जात आहे, एवढंच. शिवकाळापासूनची वहिवाट त्याला कुणी विचारलेली नाही. २००५ साली चाळिशीत असलेला माणूस आज साठीचा आहे. तो जर म्हणाला, "याच्या बापाला मी त्या उतारावर नाचणी लावताना पाहिलंय, बांध घालायला मी स्वतः गेलो होतो," तर त्यात ऐकीव काय आहे? पाहण्याजोगी गोष्ट, पाहणाऱ्यानेच सांगितली. कलम ५५ ला हवा असलेला साक्षीदार तो हाच. घोटाळा होतो तो तोंडी आणि ऐकीव या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. खुनाच्या खटल्यातला साक्षीदारही तोंडीच बोलतो आणि त्याच्या बोलण्यावर माणूस जन्मठेपेला जातो. तिथं कुणी म्हणत नाही की कागद कुठाय.

तारीख ठरवणं तर रायगडात आणखीच सोपं. २६ जुलै २००५ चा पाऊस विसरलेला जाणता माणूस या जिल्ह्यात सापडायचा नाही. कायद्याची तारीख त्यानंतर पाच महिन्यांच्या आत येते. म्हणजे 'तो पूर आला त्या साली या उतारावर पीक होतं का, आणि कुणाचं होतं' हा एक प्रश्न विचारला की दाव्याचं मर्म हाती लागतं. ज्याला सन सांगता येत नाही तो १९८९ चा जांभूळपाड्याचा पूर सांगतो, कोकण रेल्वेचं काम रोह्याच्या पुढे सरकलं ते दिवस सांगतो. कोर्टातही निरक्षर साक्षीदाराकडून वर्ष काढायचं तर वकील अशाच खुणा विचारतात आणि न्यायाधीश त्या लिहून घेतात.

जबाबात दुसऱ्या तऱ्हेचीही वाक्यं येतात. "गार्ड येऊन म्हणाला, पुढल्या वर्षी इथं पेरायचं नाही." हे वाचलं की कुणीतरी लाल शाईने खूण करतो, हे तर तिसऱ्याचंच बोलणं! ही गल्लत प्रिव्ही कौन्सिलने १९५६ साली मलायातल्या सुब्रमण्यम खटल्यात निस्तरली आहे, आणि आपली न्यायालयंही तोच धागा धरतात. सुब्रमण्यमकडे काडतुसं सापडली होती. दहशतवाद्यांनी आपल्याला धमकावलं असं तो सांगत होता, पण धमकीचे शब्द ऐकीव ठरवून खालच्या न्यायाधीशाने ते येऊच दिले नाहीत. प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली. बोललेली गोष्ट खरी होती हे त्या बोलण्यावरूनच शाबीत करायचं असेल तर ते ऐकीव. ते बोललं गेलं एवढंच दाखवायचं असेल, तर ऐकणारा हा प्रत्यक्ष साक्षीदार. गार्डाचा हुकूम खरा किंवा खोटा असा नसतोच. तो दिला गेला, हीच घटना, आणि ती म्हाताऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकली. जिथं कुणी पेरतच नव्हतं तिथं 'पेरायचं नाही' असं सांगायला गार्ड डोंगर चढून येत नाही.

खरं ऐकीव कुठं येतं तेही सांगतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच बोललो असं होईल. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना, उदाहरणार्थ डोंगरावरच्या गवळी धनगरांना, तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. २००५ मधून ७५ वजा केले की १९३० उरतं. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या ते साल. तेव्हाचं जाणतेपणी पाहिलेला माणूस आता कुठून आणायचा? इथं "माझा आजा सांगायचा" याला पर्याय नाही, आणि हे निखळ ऐकीव आहे यात वाद नाही.

पण इथंही १८७२ च्या कायद्याने दार लावून घेतलेलं नाही. मेलेल्या माणसाची विधानं कधी चालतात ते जुन्या कलम ३२ मध्ये, आताच्या २६ मध्ये, सांगितलं आहे. त्यातला मृत्युपूर्व जबाब सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच कलमातली पुढची पोटकलमं वाचायचे कष्ट मात्र फारसं कुणी घेत नाही. मयताने नात्यागोत्याबद्दल सांगितलेलं चालतं. सार्वजनिक हक्काबद्दल, रूढीबद्दल सांगितलेलं चालतं. कायद्याने स्वतः दिलेलं उदाहरण असं आहे: एखादा रस्ता सार्वजनिक आहे का असा वाद असेल, तर गावच्या मयत प्रमुखाने तो सार्वजनिक असल्याचं केलेलं विधान विचारात घ्यावं. रूढीची माहिती असण्याजोग्या माणसांचं मत घेण्याची तरतूद वेगळी, जुनं ४८ आणि नवं ४२, आणि तिथलं उदाहरण गावच्या विहिरीच्या पाण्याचं. राणीच्या राज्यातल्या इंग्रज कायदेपंडिताला हिंदुस्थानातला मेलेला पाटील विश्वासार्ह वाटला. आपल्याला समोर बसलेला जिवंत म्हातारा वाटत नाही.

यात एक अट आहे, आणि ती चांगली आहे. विधान वाद उपटण्याच्या आधीचं असलं पाहिजे. एक मर्यादाही आहे. 'अमुक गुंठे अमक्याचे' हा सार्वजनिक हक्क नव्हे, त्यामुळे एकट्याच्या पट्ट्यासाठी रूढीच्या पोटकलमाचा आधार घेता येणार नाही. तो घेता येईल सामूहिक हक्कांसाठी: चराई, पाणवठा, डोंगरातली वाट, देवराई. एकट्याच्या पट्ट्याला उपयोगी पडतं ते नात्याचं पोटकलम, म्हणजे वंशावळ. त्या ठिकाणी कायद्याने थडग्यावरचा मजकूर आणि घराण्यातली तसबीर यांचीही नावं घेतली आहेत. ज्यांच्या दिवाणखान्यात तैलचित्रं टांगलेली असत त्यांची सोय झाली. कातकऱ्याच्या आज्याची तसबीर कुणी काढली नाही. त्याची झोपडी कुठल्या आंब्याखाली होती हे ठाऊक असलेला माणूस तेवढा उरला आहे, आणि त्याला आपण म्हणतो, तुझं ऐकीव.

हे सगळं झालं कोर्टातलं. वनहक्काचा दावा कोर्टात चालतच नाही. तो ग्रामसभेपुढे जातो, तिथून प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागस्तरीय समितीकडे, तिथून अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. पुराव्याचा कायदा न्यायालयापुढच्या न्यायिक कामकाजाला लागू असतो, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. एखादा हुशार वकील म्हणेल की पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या कुणालाही हा कायदा न्यायालय म्हणतो. म्हणू दे. तरी त्याच्यासमोर वनहक्क नियमांतला नियम १३ उभा राहतो. त्यात पुराव्याचे प्रकार दिले आहेत: सरकारी कागद, मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड, बांध आणि झोपड्या, विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा, वंशावळ, आणि शेवटी दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं. संसदेच्या कायद्याखाली केलेला नियम ज्याला नाव घेऊन पुरावा म्हणतो, त्याला कचेरीतल्या टेबलावरून 'हा पुरावाच नव्हे' म्हणण्याचा अधिकार कुणाला कुठून मिळाला? त्या जबाबावर विश्वास ठेवायचा की नाही हे समितीने जरूर ठरवावं. तो पुरावा आहे की नाही, हे ठरवणं तिच्या हातात नाही.

इथं मला एक जुना निकाल आठवतो, आणि आठवला की हसू येतं. हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग, १९७७. एसटीसारख्याच सरकारी बसचा कंडक्टर. तपासणी पथकाला गाडीत ११ प्रवासी बिनतिकीट सापडले. पैसे दिले होते, तिकीट मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. खात्याच्या चौकशीत त्या अकरांपैकी एकालाही बोलावलं नाही. पथकाच्या माणसाने प्रवाशांचं म्हणणं सांगितलं आणि कंडक्टरची नोकरी गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कायम केलं. खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे बारीक नियम लागू नाहीत; शहाण्या माणसाला पटेल असा, गोष्टीशी संबंध असलेला आणि विश्वास ठेवण्याजोगा ऐकीव पुरावा तिथं वर्ज्य नाही, असं त्यांनी ठरवलं. गेली जवळजवळ पन्नास वर्षं सरकारी खाती हा निकाल नोकरांविरुद्ध बिनदिक्कत वापरत आली आहेत. म्हणजे माणसाची भाकरी काढून घ्यायची असते तेव्हा सरकारला ऐकीव चालतं. द्यायची वेळ आली की तेच सरकार स्टीफनपेक्षा कडक होतं.

जंगल खात्याची गंमत तर याहून मोठी. राखीव जंगलावरचा खात्याचा हक्क कुठल्या कागदातून येतो? जंगलाच्या हद्दी कायम करण्याच्या चौकशीतून. ती चौकशी कशी करायची हे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आहे, त्याआधी १८७८ च्या कायद्यात होतं. कलम ६ म्हणतं, हक्क सांगणाऱ्याने लेखी द्यावं किंवा अधिकाऱ्यासमोर येऊन तोंडी सांगावं. कलम ७ म्हणतं, अधिकाऱ्याने ते सांगणं लिहून घ्यावं आणि सरकारी दप्तर व माहितगार असण्याजोग्या माणसांची साक्ष यांवरून चौकशी करावी. ज्याने मुदतीत येऊन सांगितलं नाही त्याचा हक्क बुडाला. म्हणजे जंगल खात्याच्या हिरव्या पाट्यांमागची सगळी मालकी जुन्या जाणत्यांचे तोंडी जबाब घेऊनच ठरवायची होती. जे घेतले त्यांवर काही हक्क राहिले, आणि ज्यांच्यापर्यंत जाहीरनामा पोचलाच नाही त्यांच्या न घेतलेल्या जबाबांवर बाकीचं जंगल राखीव झालं. नियम १३ ने वडीलधाऱ्यांचं सांगणं पुरावा मानलं यात कुणाला नवी सवलत दिसत असेल, तर त्याने आपल्याच खात्याचं कलम ७ उघडून पाहावं.

आता कागदाकडे वळू, कारण या वादात कागदाला सोवळ्यात ठेवलं जातं. दावा फेटाळताना ज्या अहवालावर बोट ठेवतात त्यात 'स्थानिकांकडून समजले की सदर ठिकाणी वहिवाट नाही' असं वाक्य असेल, तर ते काय आहे? स्थानिक कोण, नाव नाही. कधी समजलं, तारीख नाही. शपथ नाही, सही नाही, प्रश्न विचारायला तो माणूस समोर नाही. ऐकीव पुराव्याची व्याख्या विद्यार्थ्यांना शिकवायची तर याहून चांगला नमुना मिळणार नाही. फक्त तो टाइप केलेला असतो आणि खाली शिक्का असतो.

गॅझेटियरचंही तेच. नियम १३ त्याला पुरावा मानतो, आणि मानावाच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड, कुलाबा (म्हणजे आताचं रायगड) आणि जंजिरा, १८८३ चा. कातकऱ्यांबद्दल त्यात बरंच काही आहे. पण ते लिहिणाऱ्यांनी प्रत्येक वाडीवर मुक्काम ठोकला नव्हता. जिल्ह्याच्या अंमलदारांनी कळवलं, त्यांना खालच्यांनी सांगितलं, असं ते रचत गेलं. साहेबाने ऐकलेलं छापून आलं की इतिहास, आणि कातकऱ्याने पाहिलेलं बोलून दाखवलं की ऐकीव! सातबाऱ्यावरची पीकपाहणी वर्षानुवर्षं चावडीत बसून, विचारून लिहिली जायची, हे कोकणातल्या कुठल्याही कुळाला विचारा. तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की अधिकारअभिलेखातली नोंद खोटी शाबीत होईपर्यंत खरी धरावी. २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत खातेदार आपल्या पिकाची नोंद आपल्याच मोबाइलवरून करतो. ज्याचा फायदा त्याचंच सांगणं तिथं चालतं. वनहक्काच्या दाव्यात दावेदार सोडून तिसऱ्याने सांगायचं असतं, तरी त्याच्यावर संशय.

आणि कागद खोटं बोलत नाही असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. नारायणराव पेशव्यांच्या खुनातला 'ध'चा 'मा' झाला तो कागदावरच, अशी आपल्याकडची आख्यायिका. (ती आख्यायिकाही आपल्यापर्यंत ऐकीवच आली आहे, हा भाग वेगळा.)

रायगडात तर कागद असला तरी म्हाताऱ्यावाचून तो वाचता येत नाही. दळी जमिनी घ्या. इंग्रजी अमलात डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायला कातकरी-ठाकुरांच्या गटांना दिलेल्या या जमिनींचा प्रश्न सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरला. दळीच्या जुन्या कागदावर पुष्कळदा गटाच्या म्होरक्याचं एकट्याचं नाव असतं. राबणारी घरं अनेक. मग कागदावरच्या नावाचा आजच्या दावेदाराशी संबंध काय, त्याचा आजा त्या गटात होता का, हे कुठल्या रेकॉर्डरूममध्ये सापडेल? ते वाडीतल्या माणसांच्या आठवणीतच आहे. कागद आणि आठवण यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं की दोन्ही मुके होतात.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनाचा आहे, त्याला बगल देणार नाही. ते म्हणतात, तोंडी सांगण्यावर पट्टे द्यायला लागलात तर कुणीही आपल्या चुलत्याला उभा करील आणि उद्या फार्महाउसवालेही वनवासी होतील. मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना जमिनीचे भाव काय झाले आहेत हे पाहता ही भीती पोकळ नाही. पण तिच्यावरचा उपाय नियमांतच लिहिलेला आहे. सांगणारा स्वतः दावेदार असता कामा नये. नुसत्या सांगण्यावर पट्टा मिळत नाही, नियम १३ प्रमाणे एकाहून अधिक प्रकारचे पुरावे पाहावे लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ग्रामसभेची वनहक्क समिती जागेवर पडताळणी करते तेव्हा वन आणि महसूल खात्याच्या लोकांनी हजर राहून आपल्या पदासह, तारखेसह आणि अभिप्रायासह सही करायची आहे. म्हातारा तिथंच उभा असतो. विचारा त्याला. बांध कोणत्या साली घातला, तेव्हा शेजारी कोण कसत होता, तुझं आणि दावेदाराचं नातं काय, तुला यातून काय मिळणार. याला कोर्टात उलटतपासणी म्हणतात. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी करायची संधी होती आणि केली नाही, त्याचं म्हणणं मान्य केलं असं कोर्ट धरतं. डोंगर चढायचा नाही, चढलं तर प्रश्न विचारायचे नाहीत, आणि महिन्यांनी फाइलवर लिहायचं की जबाब तपासून घेतलेला नाही, हे कुठल्या न्यायात बसतं?

पडताळणी कधी होते हेही पाहायला हवं. कातकऱ्यांची कितीतरी घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. त्या मधल्या महिन्यांत कुणी वाडीवर गेलं तर त्याला बंद झोपड्या आणि पीक काढलेला उघडा उतार दिसणार. त्यावरून 'कोणी आढळून आले नाही, पीक आढळून आले नाही' असं लिहिणं अक्षरशः खरं असतं आणि दाव्याच्या दृष्टीने कवडीमोल.

वंशावळीबद्दल कोर्ट किती सावध असतं याचा दाखला हवा असेल तर बिहार राज्य विरुद्ध राधाकृष्ण सिंग हा १९८३ चा निकाल वाचावा. बेतिया संस्थानाच्या अफाट मालमत्तेवर वारसा सांगणाऱ्यांनी लांबलचक वंशावळी पुढे केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या चाळणीतून गाळून फेटाळल्या. सांगणारा कोण, त्याला कुणाकडून कळलं, वाद सुरू होण्याआधी की नंतर, त्याचा स्वार्थ काय, ही ती चाळणी. हीच चाळणी पेणच्या आणि रोह्याच्या दाव्यांना लावा, माझी हरकत नाही. पण चाळणी लावायची तर आधी धान्य तिच्यात ओतावं लागतं. जबाब न वाचता बाजूला ठेवणं ही चाळणी नव्हे.

दावेदारांच्या बाजूने काम करणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावायला हवेत. छापील नमुन्यात फक्त नावं बदललेले जबाब दाव्यांना जोडले जातात. प्रत्येक म्हातारा 'पूर्वापार व वंशपरंपरेने' याच शब्दांत बोलतो. वाडीवरचा कुठला माणूस असं बोलतो? असा जबाब वाचणाऱ्याला संशय आला तर त्याला दोष देता येत नाही, आणि एका वाडीच्या आळसाची किंमत पुढच्या चार वाड्यांना मोजावी लागते. जबाब घ्यायचा तर माणूस बोलतो तसा घ्यावा: काय पाहिलं, कुठं उभं राहून पाहिलं, कुठल्या पुराच्या आधी की नंतर, सोबत कोण होतं. दुसऱ्याकडून कळलेलं असेल तर कुणाकडून आणि तो हयात आहे का, हे वेगळं लिहावं. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच परिच्छेदात कालवलं की समोरच्याला सगळंच ऐकीव म्हणायची सोय होते.

उपग्रहाच्या चित्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो वाद मिटलेला आहे. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीतच म्हटलं आहे की ही चित्रं इतर पुराव्याला पूरक असतील, त्याची जागा घेणार नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली नुसत्या चित्रांवर दावे फेटाळण्याला चाप लावला. वरकस उतारावर एक-दोन वर्षं नाचणी-वरी घेऊन जमीन पड टाकायची रीत ज्याला माहीत आहे, त्याला आकाशातून काढलेल्या एका दिवसाच्या फोटोत तो उतार रानासारखा का दिसतो हे सांगावं लागत नाही.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि २८ तारखेला त्याला स्थगिती दिली, तेव्हा देशभर प्रश्न उभा राहिला की हे दावे फेटाळले तरी कशाच्या आधारावर. तो प्रश्न प्रत्येक फाइलपुरता अजून तसाच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेची शिफारस फेटाळायची किंवा बदलायची तर समितीने कारणांसह आदेश काढला पाहिजे. दावा अपुरा वाटला तर तो फेटाळण्याऐवजी ग्रामसभेकडे परत पाठवला पाहिजे. विशिष्ट कागदाचाच हट्ट धरता कामा नये. 'पुरावा अपुरा' या दोन शब्दांत यातलं काहीही येत नाही. आदेशात लिहावं लागेल की अमुक वडीलधाऱ्याने अमुक पाहिल्याचं सांगितलं, त्याला पडताळणीच्या वेळी अमुक प्रश्न विचारले, आणि अमुक कारणाने आम्हाला ते पटलं नाही. तसं लिहिलेलं नसेल तर आदेश लेखी मागून घ्यावा आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करावा. समितीला वाटलं तर ती मुदत आणखी तीस दिवसांनी वाढवू शकते. अर्जात पहिली मागणी एकच असावी: आमच्या म्हाताऱ्याच्या जबाबातलं कुठलं वाक्य ऐकीव आहे, त्याखाली रेघ मारून दाखवा.